वायर उपटणारे नाना

आमच्या कचेरीत पाऊल टाकल्यावर पहिला चहा यायच्या आत नानांनी चालत्या संगणकाची वायर भिंतीतून उपटली. चुकून नाही. खुर्ची मागे सारली, गुडघ्यांवर हात टेकत टेबलाखाली शिरले, मान वाकडी करून पडद्यावर काम बरोबर अर्ध्यात आल्याची खात्री केली, आणि उपटली. पडदा काळा. मी किंचाळले. टेबलाखालून आवाज आला, "मरी गयं का?"

"मेलं," मी म्हटलं. "तुम्ही मारलंत."

"झकास. आते पाहू, उठस का."

आणि माणूस तिथेच, फरशीवर मांडी घालून, वायर हातात धरून हसत बसला. माझ्या मनात त्या क्षणी जे जे आलं ते मी आजवर कुठल्या पत्रकात छापलेलं नाही. आणि मी पत्रकांत काय काय छापलंय ते शहाद्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.

सांगते नीट. शहाद्यात गादीवाल्या चाचांच्या दुकानावर आमच्या संघटनेच्या दोन खोल्या. खाली दिवसभर कापूस पिंजला जायचा आणि वर आमच्या संगणकाच्या पंख्यात त्याचं म्हातारीच्या केसांसारखं पुंजकं जमायचं. काम सिकलसेलचं. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि माणसाची हाडं आतून कुणी मुरगळल्यासारखी दुखतात. आईबापांकडून येतो. आमच्या डोंगरात हा आजार नवा नाही, त्याची दखल घेणंच नवं आहे. आम्ही पाड्यापाड्यांत जाऊन रक्त तपासायचो आणि कार्ड द्यायचो. रक्त साफ असेल तर पांढरं, आजार अंगात न दिसता पुढच्या पिढीत जाऊ शकत असेल तर पिवळं, आणि खुद्द आजार असेल तर लाल. लाल कार्डाला गोळ्या मिळतात, शिबिरात डॉक्टर आधी बघतात, कळ उठली तर दवाखान्यात कुणी "नाटक करते" म्हणत नाही. म्हणजे, म्हणायला नको. म्हणतात त्यांना आम्ही बघून घेतो.

सगळ्यांच्या नोंदी त्या एका संगणकात. हिवाळ्यात एका दुपारी नोंदी भरता भरता लाइट गेली, बॅटरी आधीच गेलेली होती, आणि त्या दिवसापासून संगणक खोटं बोलायला लागला. समोर उभा असलेला माणूस, त्याच्या हातात आमचंच कार्ड, आणि नाव टाकलं तर उत्तर येई की अशी व्यक्ती नाही. असलं उत्तर सरकारी खिडकीतून ऐकायची मला सवय होती. आमच्याच खोलीत ऐकून माझं डोकं फिरलं. ही व्यवस्था बांधून देणारा इंजिनिअर पुण्याचा, चांगला पोरगा, फुकट काम केलेलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, इंडेक्स खराब झालाय. रिबिल्ड मारा. एक ओळीचं काम आहे."

एक ओळ मारायला माणूस हवा म्हणून नानांना बोलावलं. साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. आले ते वायर उपटूनच कामाला लागले.

त्या दिवशी मेलेला संगणक खरा नव्हता, हे मला नंतर कळलं. मी कचेरीत पोचायच्या आधीच नानांनी आपल्या घरचा जुना संगणक पोत्यात बांधून रिक्षातून आणला होता, आमच्या सगळ्या नोंदींची नक्कल त्यावर उतरवली होती आणि रिबिल्ड त्या नकलेवर चालू करून अर्ध्यात मारलं होतं. नकलेला ते "पुतण्या" म्हणत. "मुलाला विहिरीत ढकलायच्या आधी पुतण्याला ढकलून बघायचं," असं सख्ख्या पुतण्यासमोर म्हणत. तो बिचारा डबा घेऊन आलेला असे.

"पण मारायचं कशाला?" मी विचारलं.

"लाइट आपल्याला विचारून जाते का? रिबिल्ड चालू असताना गेली तर काय होतं, हे आज बघायचं की शिबिराच्या दिवशी?"

मला गप्प करणारी माणसं मला आवडत नाहीत. नाना मात्र आवडायला लागले, काय करणार.

दिसायला ते कुठल्याही लग्नातल्या मुलीच्या मामासारखे. सफारी शर्ट, केसांना काळा रंग आणि मुळाशी पांढरी रेघ, गळ्यात दोऱ्याला घराची किल्ली आणि तिच्याच जोडीला दोन पेन ड्राइव्ह. चाकांच्या खुर्चीवर बसत नसत. "जी वस्तू आपल्या मनानं सरकते तिच्यावर बसून मी कुणाच्या नावाला हात लावणार नाही." कळण्याची भाकरी आणि ठेचा रोज घरून मागवायचे, पण खायचे जिन्यात, संगणकाच्या नजरेआड. गप्पा प्रमाण मराठीत, राग आणि आनंद अहिराणीत. बढाई दोन्हीत. "कारखान्यात माझ्या हातून एकही नोंद हरवली नाही," असं सांगून थोडं थांबत आणि म्हणत, "एक हरवली. पण ती मीच हरवली होती, सापडते का बघायला."

"सापडली का?"

"तो वेगळा विषय आहे."

इंडेक्स म्हणजे काय, हे मला त्यांनी खोलीत बसून सांगितलं नाही. शहाद्याच्या एसटी स्टँडवर नेलं. भर गर्दीची वेळ, उसाच्या रसाचे गाडे, केळीच्या घडांवर बसलेले लोक. म्हणाले, "धडगावची गाडी शोध. चौकशीच्या खिडकीवर विचारायचं नाही." मी एकेका गाडीची पाटी वाचत फिरले. नाशिक, सुरत, दोंडाईचा, परत सुरत. घामाघूम होऊन शेवटच्या टोकाला सापडली. मग म्हणाले, "आता खिडकीवर विचार." खिडकीवरच्या माणसाने वर न बघता फलाट सांगितला.

"तो इंडेक्स," नाना म्हणाले. "गाड्या म्हणजे नोंदी. तो गाडी चालवत नाही, धूत नाही, त्याला फक्त कोण कुठे उभी ते माहीत."

तेवढ्यात एक बाई खिडकीवर आली. तिला त्याने सांगितलं, अक्कलकुव्याची गेली. आणि अक्कलकुव्याची गाडी नानांच्या पाठीशी उभी, कंडक्टर बिडी ओढतोय. नानांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघितला. बाईला हाताला धरून गाडीत बसवलं आणि माझ्याकडे वळले. "पाहिलं? खिडकी म्हणते नाही. गाडी तर शे. तुझ्या संगणकाला हाच आजार झालाय. आता काय करायचं, गाड्या जाळायच्या का? खिडकीवर नवा माणूस बसवायचा, त्याला सगळ्या स्टँडवर एक चक्कर मारायला लावायची, कोण कुठे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायला सांगायचं. याला म्हणतात रिबिल्ड."

"मग बसवा ना."

"बसवतो. पण आधी त्याची परीक्षा."

ही परीक्षा म्हणजे नानांचा सण. पुतण्यावर रिबिल्ड करायचं, अर्ध्यात वायर उपटायची, परत करायचं. मग एकच प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा खिडकीवर विचारून आणि एकदा सगळ्या गाड्या स्वतः फिरून, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचं. हे सगळं कुठलाही शहाणा माणूस करेल. पण नानांचं एवढ्याने भागत नसे. त्यांनी प्रत्येक तालुक्यातून काही साक्षीदार नेमले होते. हाडामासाचे, त्यांना स्वतः भेटलेले. नवापूरकडच्या एक सिस्टरबाई होत्या, तळोद्याचा एक पंक्चरवाला होता, आणि सगळ्यात जवळचा साक्षीदार म्हणजे खालचे चाचा. रिबिल्ड झालं की नाना साक्षीदाराचं नाव शोधायचे, पडद्यावर दिसलं की फोन लावायचे, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारायचे, "शे का तू?"

तिकडून उत्तर यायचं, "शे ना नाना."

"बरं," म्हणून फोन ठेवायचे. संगणक म्हणतो, 'आहे'; माणूस म्हणतो, 'आहे'; दोघांचं जुळलं, झालं. चाचांसाठी फोनसुद्धा नाही. खिडकीतून खाली ओरडायचं, "चाचा, आहात का?" पिंजणीच्या आवाजातून चाचा म्हणायचे, "अभी तक तो हूँ, नाना. दुपहर का कुछ कह नहीं सकता." पंक्चरवाला एकदा वैतागून म्हणाला होता, "नाना, तुम्ही असं विचारता की मलाच शंका येते." सिस्टरबाई मात्र दर वेळी मनापासून सांगायच्या, "देवाच्या कृपेने आहे," आणि उलट नानांची तब्येत विचारायच्या.

मला यात वेळ फुकट जाताना दिसत होता. मोलगीचं शिबिर तोंडावर आलं होतं. बाजाराच्या दिवशी डॉक्टर येणार, नदीकाठच्या पाड्यांवरून माणसं होडीने, जीपने, चालत येणार, आणि त्यांना त्यांचं कार्ड तिथल्या तिथे मिळायला हवं. पत्रक माझंच होतं. "तुमचं रक्त, तुमचा हक्क, तुमचं कार्ड." एवढं छापल्यावर माणसाने डोंगर उतरून यावं आणि आमच्या टेबलावरून "तुमचं नाव नाही" ऐकावं? मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?

"नाना, दाबा आता ते बटण."

"घाई कसाले करी ऱ्हायनी तू? परीक्षा पास होऊ दे."

आणि परीक्षा नापास झाली. सगळे इंडेक्स पुतण्यावर सरळ बांधले गेले, एकच अडून बसला. त्याचं काम पहारेकऱ्याचं होतं. नाव, नवरा किंवा बाप, गाव, पाडा, हे चारही एक असलेली नोंद दुसऱ्यांदा आत घ्यायची नाही, म्हणजे एकाच माणसाला दोन कार्डं जाणार नाहीत. आता बांधताना तो म्हणाला, आत आधीच दोघे एकसारखे बसलेत, मी बांधला जाणार नाही. नानांनी ती जोडी पडद्यावर आणली. बुधीबाई दिवाल्या वसावे. खाली पुन्हा बुधीबाई दिवाल्या वसावे. गाव तेच, मणिबेलीच्या वरच्या अंगाचं. पाडाही तोच.

पुण्याला फोन लावला. पोरगा म्हणाला, "डुप्लिकेट आहे ताई. लाइट गेली तेव्हा इंडेक्स मोडला ना, मग पहारा नव्हता, दुसऱ्यांदा भरली गेली. एक उडवा. नवी उडवा, जुनी ठेवा. लगेच बांधला जाईल."

मी उभी राहिले. नाव उडवा हे वाक्य मी आयुष्यात इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय की ते मराठीत कुणीही, कितीही गोड आवाजात म्हटलं तरी माझा हात घोषणेसाठी वर जातो. म्हटलं, "कुणाचं नाव उडवायचं, ते तिला विचारलं का?"

"ताई, ती एकच बाई आहे. तेच तर म्हणतोय."

नाना आमच्या भांडणात नव्हते. त्यांचं नाक पडद्याला टेकलं होतं. हळूच म्हणाले, "एकच बाई असेल तर तिचं रक्त दोन जातीचं कसं?"

पहिल्या नोंदीत पांढरं कार्ड होतं. दुसरीत लाल.

पुण्याचा पोरगा म्हणाला, "मग तपासणीत चूक असेल." मी म्हटलं, असेलही. आणि नसेल तर? नवी उडवली तर लाल जाईल, पांढरं राहील. कुठल्या तरी डोंगरावर एका बाईची हाडं मोडून निघत असतील आणि आमचं कार्ड तिला सांगत असेल, तुला काही झालेलं नाही.

"साक्षीदार बोलवा," नाना म्हणाले. "फोन लाव तिला."

तिथे फोन लागत नाही. नानांना ही गोष्ट माणसाने केलेल्या फसवणुकीसारखी वाटली. शर्टाची बटणं लावत म्हणाले, "मग चाल."

शहाद्याहून अक्कलकुवा, तिथून जीप, मग उतार, मग नर्मदेचं पाणी. पाणी म्हणजे धरणाचं, उभं, हिरवं, मधेच बुडालेल्या झाडांचे शेंडे. मशीनची होडी आली आणि तेव्हा कळलं की नाना जन्मात कधी होडीत बसले नव्हते. गळ्यातले पेन ड्राइव्ह काढून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातले, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती खताच्या पिशवीत, आणि ते बोचकं छातीशी धरून होडीच्या बरोबर मध्यावर बसले.

"पोहता येस का तुले?" त्यांनी मला विचारलं.

"येतं."

"मग मी बुडालो तर आधी पिशवी घे."

अर्ध्या वाटेवर त्यांनी होडीवाल्याला विचारलं, खाली काय आहे. होडीवाला म्हणाला, गाव. इथे शेतं, तिकडे घरं, तो शेंडा दिसतो ते आमच्या आंब्याचं झाड. नानांनी छातीशी धरलेलं बोचकं आणखी आवळलं. मग म्हणाले, "ह्याची कॉपी नव्हती घेतली कुणी." यावर मी तासभर बोलू शकले असते, बोलतेही दर सभेत. त्या दिवशी त्यांचं ते एकच वाक्य पुरलं.

पाड्यावर पोहोचलो तर दिवाल्या वसावे घरासमोर जाळं दुरुस्त करत होता. मी भिलीत विचारलं, बुधीबाई कुठे. तो म्हणाला, "कोणती?"

नाना माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

"म्हणतो, कोणती."

नानांनी खताची पिशवी जमिनीवर ठेवली, कारण त्यांना दोन्ही हात डोक्याला लावायचे होते.

दोन्ही बुधीबाई त्याच्याच बायका. दोघी बुधवारी जन्मलेल्या, म्हणून दोघींच्या बापांनी एकच नाव ठेवलेलं. त्या बाजूला जन्मवाराचं नाव ठेवणं अगदी नेहमीचं. दोन घरं, मधे कुडाची भिंत. थोरली दांडगी, हातात कोयता, बोलायला लागली की कोंबड्या बाजूला होत. धाकटी भिंतीला टेकून उन्हात बसलेली, गुडघ्यांना फडकं बांधून.

"एकाच नावाच्या दोन बायका केल्या?" नानांनी दिवाल्याला विचारलं. मी भाषांतर केलं, थोडं सौम्य करून.

दिवाल्या जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "नाव मी ठेवलं नाही. आणि एकीला हाक मारली की दोघी येतात, त्यामुळे मी हाकच मारत नाही."

"हाक मारायला घरी असतो कुठे हा," थोरली म्हणाली.

मग धाकटीने सांगितलं. सावकाश, आधीही खूपदा सांगितलेलं असावं तसं. आमच्याच शिबिरात तिने आधीही रक्त दिलं होतं. दर वेळी टेबलावरच्या माणसाने यंत्रात बघितलं, म्हणाला तुझं नाव आधीच आहे, आणि पांढरं कार्ड हातात ठेवलं. ते थोरलीचं होतं. पहारेकरी इंडेक्स तेव्हा धडधाकट होता ना, त्याने तिला आतच घेतलं नाही. ती पाण्यात उतरली की हाडं पेटतात, थंडीत उठता येत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, कार्ड तर पांढरं आहे, मग कामाला का उठत नाही? थोरलीही म्हणायची. कोयत्याने जमीन उकरत थोरली म्हणाली, "मीच जास्त म्हणायचे. कागदावर लिहिलेलं होतं."

हिवाळ्यातल्या शिबिराच्या नोंदी भरतानाच लाइट गेली. पहारेकरी मेला. आणि धाकटी बुधी, पहिल्यांदाच, तिच्या खऱ्या रक्तासकट आत शिरली.

नाना हे ऐकून उठले आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले. "मोडला तेव्हा खरं बोलला," ते स्वतःशीच म्हणत होते. "धड होता तेव्हा खोटं बोलत होता. म्हणजे त्याची रचनाच चुकली, बांधणी नाही. आपण त्याला चुकीचं विचारायला शिकवलं." मग माझ्याकडे वळून, "इचार यांना. गावात कसं ओळखतात? माणसाला माहीत असतंच. इचार."

मी विचारलं. थोरली म्हणाली, "मी डनेलची, ती चिमलखेडीची. सगळे असंच म्हणतात. डनेलवाली, चिमलखेडीवाली."

"म्हणजे माहेर," मी नानांना सांगितलं.

नाना फेरीत मधेच थांबले. त्यांचा चेहरा जसा खुलला तसा मी एसटी स्टँडवरसुद्धा पाहिला नव्हता. "माहेर," ते म्हणाले. "तिच्यायला. आपण नवरा लिहिला, बाप लिहिला, गाव लिहिलं, पाडा लिहिला. माहेर कुणी लिहिलंच नाही. बाई कुठून आली ते सोडून सगळं लिहिलं."

हे वाक्य त्यांनी मला पत्रकात वापरायला दिलं असतं, पण मी विचारलं नाही. सरळ वापरलं.

दिवाल्याला वाटलं, हे सरकारी लोक आहेत आणि आता दोन बायकांबद्दल केस होणार. त्याने कोंबडी पकडायला सुरुवात केली होती. थोरलीने त्याला सांगितलं की हे तसले नाहीत, पण कोंबडी सोडायची नाही. आम्ही जेवून निघालो. होडीत नाना पुन्हा बरोबर मध्ये बसले, आणि या वेळी पलीकडच्या काठापर्यंत तोंडाने आकडेमोड करत राहिले.

परतल्यावर काय झालं असेल, ओळखा. शिबिर उद्यावर आलेलं आणि नानांनी सगळी परीक्षा पहिल्यापासून मांडली. पुतण्यात माहेरचा रकाना जोडला, पहारेकऱ्याला नवीन प्रश्न शिकवला, रिबिल्ड चालू केलं आणि टेबलाखाली शिरले.

"नाना, वायरीला हात लावाल तर मी उपोषणाला बसेन."

"बस. जिन्यात बस, इथे चालणार नाही."

उपटली. मेलं. उठलं. परत बांधलं, सरळ बांधलं गेलं, कुठेही अडलं नाही. दोन्ही बुधी शेजारी शेजारी, एक डनेल, एक चिमलखेडी, एक पांढरी, एक लाल. साक्षीदारांना फोन गेले. सिस्टरबाई होत्या, पंक्चरवाला होता, चाचा अजून होते. तेव्हा कुठे नानांनी खऱ्या संगणकावर तोच रकाना जोडून ती एक ओळ टाकली, आणि बटण मला दाबू दिलं. सगळं मिळून मोजायलाही वेळ मिळाला नाही इतक्यात संपलं. मी म्हटलं, एवढंच? नाना जखमी आवाजात म्हणाले, "एवढंच असावं म्हणून तर इतकं केलं."

आता नाना सुरतेला लेकीकडे असतात. तिथे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची ते परीक्षा घेतात, आणि लोक त्यांना घाबरतात, असं त्यांची लेक सांगते. मला विचाराल तर अशा माणसांना प्रत्येक कचेरीत एक खुर्ची द्यावी, बिनचाकाची. ज्यांच्या हातात माणसांच्या याद्या आहेत त्यांनी यादी मोडून बघितलेलीच नसते. ती चुकली तर कोण गळतं, हे त्यांना ठाऊकच नसतं, आणि गळलेला माणूस खिडकीशी उभा राहिला की त्यालाच विचारतात, तू कशावरून आहेस?

शिबिराच्या दिवशी मोलगीला बाजार फुल्ल होता. आमचं टेबल शाळेच्या ओट्यावर, नाना संगणकापाशी, रांग पार मिरच्यांच्या ढिगापर्यंत. दोघी बुधी आल्या त्या पुढेमागे. थोरलीने आधी पांढरं कार्ड घेतलं आणि बाजूला होऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. धाकटीने नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. मग नानांनी विचारलेल्या प्रश्नावर ती थबकली, कारण टेबलापाशी तिला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "चिमलखेडी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तेवढ्या एका शब्दापुरता मोठा झाला.

कार्ड निघालं. लाल. डॉक्टरबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं, मी भिलीत सांगत गेले. हे आयुष्यभराचं आहे, गोळी रोज घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, थंड पाण्यात उतरायचं नाही. डॉक्टरबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, अशा वेळी माणसं रडतात म्हणून. धाकटी कार्ड उलटसुलट करून बघत होती. मग ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत, आणि वळून थोरलीला म्हणाली, "बघ. दुखत होतं."

धाकटीच्या डोक्यावरचं मिठाचं गाठोडं थोरलीने उचललं, स्वतःच्या डोक्यावरच्या धान्याच्या गाठोड्यावर ठेवलं, आणि वाटेतल्या मिरचीवाल्याला बाजूला हो म्हणून अशी काही शिवी घातली की तो खरंच बाजूला झाला. धाकटी रिकाम्या हातांनी तिच्यामागून निघाली. रिकाम्या म्हणजे, हातात कार्ड. ओळखीचं माणूस दिसलं की थांबायची, कार्ड वर करून दाखवायची आणि पुढे जायची.

तेव्हा नाना खुर्ची सोडून धावले. रांग तशीच सोडून, सफारी शर्टातला हा माणूस बाजारातून ओरडत सुटला, "ओ बाई, थांब, कार्ड दे, कव्हर राहिलं." त्यांच्या हातात प्लास्टिकचं पाकीट होतं. धाकटीने वळून बघितलं, आणि कार्ड चटकन पाठीमागे लपवलं.

"देणार नाही," ती म्हणाली.

मी धापा टाकत पोहोचले आणि सांगितलं, अगं, घेणार नाहीत, भिजू नये म्हणून. तिने मान हलवली. एकदा टेबलावरच्या माणसाच्या हातात दिलं की काय परत येतं ते तिला माहीत होतं.

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग त्यांनी बोटांनी पाकिटाचं तोंड उघडलं, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं, आणि नुसते उभे राहिले. बाजार आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. धाकटीने पाकिटाच्या आत डोकावून बघितलं, पाठीमागचा हात पुढे आणला, आणि कार्ड स्वतः आत सरकवलं.